आधी छत्री, मग कुदळ : येऊर-खारघरच्या डोंगरवाटांची वर्षभराची डागडुजी

डोंगरातली पायवाट नीट करायची ठरली की लोक आधी कुदळ शोधतात. मी म्हणतो, आधी छत्री शोधा. आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास लागतो. तो लागल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, जमीन पुरती भिजू द्या, आणि मग एखाद्या चांगल्या सरीत वाटेवर एक फेरी मारा. हात रिकामे ठेवा. उन्हाळ्यात वाट सगळी सारखीच दिसते. पाणी वाटेवर कुठे चढतं, किती पावलं वाटेनेच चालतं आणि कुठे एकदाचं दरीकडे उतरतं, हे फक्त पावसात दिसतं. या जागा वहीत उतरल्या की वर्षभराच्या कामाची यादी तयार झाली.

मी ठाण्यात राहतो. गेली काही वर्षं रविवारी सकाळी येऊरच्या बाजूला आणि अधूनमधून खारघरच्या डोंगरावर वाटांची कामं करणाऱ्या मंडळींबरोबर जातो. खाली लिहिलंय ते पाड्यांवरच्या जाणत्यांकडून, वनरक्षकांकडून आणि बरंचसं स्वतःच्या चुकांमधून जमलेलं आहे.

परवानगी

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. परवानगीशिवाय झुडपं तोडणं किंवा नवी वाट पाडणं हे कितीही चांगल्या हेतूने केलं तरी बेकायदाच. त्यामुळे वन खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा: कोणती वाट, किती लांबी, कोणते रविवार, किती माणसं, कोणती हत्यारं. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि पाच-सहा फोटो जोडा; फोटो असले की साहेबांना मुद्दा पटकन कळतो. परवानगी मिळाली तरी वनरक्षक सोबत असल्याशिवाय कोयता पिशवीतून बाहेर काढायचा नाही. खारघर-पारसिकच्या डोंगरांवर जमीन कोणाची हे दर टेकाडाला बदलू शकतं, तेव्हा आधी विचारा. पांडवकडा धबधब्याच्या भागात पावसाळ्यात प्रवेशबंदी असते. तिथे पावसातल्या फेरीचा विषयच नाही.

दुसरी परवानगी कागदावर मिळत नाही. येऊरला पाटोणपाड्यासारखे आदिवासी पाडे आहेत, खारघरच्या माथ्याकडे फणसवाडी, चाफेवाडी आहेत. आपण रविवारी ज्याला ट्रेक म्हणतो ती त्यांची बाजाराची, शाळेची, लाकूडफाट्याची वाट. त्यांना विचारल्याशिवाय वाटेचा एक दगड हलवू नका. विचारलंत तर पहिल्याच दिवशी कळेल की तुम्ही जी 'खरी वाट' समजत होता ती ढोरवाट आहे.

पावसातली फेरी

सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, पेन्सिल (शाईचं पेन पावसात कामाचं नाही) आणि दोन रंगांच्या चिंध्या. पाणी वाटेवर चढतं तिथल्या फांदीला लाल चिंधी, वाट सोडून उतरतं तिथे पिवळी. दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजा आणि लिहा. लाल ते पिवळी दहा पावलं असतील तर त्या तुकड्याला हात लावू नका, तो बरा आहे. साठ-सत्तर पावलं असतील तर तिथे काम आहे. हिवाळ्यात काम झालं की चिंध्या आठवणीने काढून आणायच्या.

एवढं महत्त्व कशाला, याचा साधा हिशेब सांगतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वाट १ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब धरा. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस जुलैत आपल्याला नवा नाही. म्हणजे नुसत्या वाटेच्या अंगावर ५,००० लिटर पाणी पडलं, दहा हजारी टँकरचा अर्धा. वरच्या उतारावरून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. आणि ज्या पट्ट्यात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तिथे १०० हा आकडा गरीबच म्हणायचा.

दुसरा हिशेब वेगाचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ज्या वजनाचा दगड ढकलू शकतं ते वजन दुप्पट होत नाही, ६४ पट होतं. म्हणून वाटेवर चढलेलं पाणी लांबवर पळू द्यायचं नाही. त्याला वेग यायच्या आत, थोडं थोडं करून, जागोजागी उतरवायचं. पुढची सगळी कामं एवढ्यासाठीच आहेत.

या फेरीला किमान तिघं जा. विजा चमकत असतील तर माथा आणि उघडं पठार सोडा. ओहळाचं पाणी गढूळ होऊन गुडघ्याला लागलं की तो ओलांडायचा नाही, अलीकडेच थांबायचं, कितीही वेळ लागो. शेवाळलेल्या कातळावर चांगले बूटही सटकतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खोदकाम बंद. भिजलेली लाल माती उकरली की तिचा चिखल होतो आणि पुढच्या सरीत निघून जातो. या दिवसांत करायचं ते एवढंच: पाणी वाटेवरून दरीकडे उतरतं ती तोंडं पालापाचोळ्याने तुंबली असतील तर पायाने किंवा फावड्याने मोकळी करायची. दोन तासांत घरी.

सप्टेंबर-ऑक्टोबर : विळा-कोयता

पावसाचा जोर ओसरतो तोवर गवत कमरेला आलेलं असतं आणि वाट गुडुप झालेली असते. पण पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परततो, तोवर सगळं साफ करण्याची घाई नको. आम्ही तीन गोष्टी पाहतो. माणसाला पाऊल टाकण्याआधी जमीन दिसली पाहिजे, कारण घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप इथे आहेत. दोन्ही हात कोपरात वाकवून चालताना फांदी घासायला नको. आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला वाकावं लागू नये. यापलीकडे एक काडीही तोडायची नाही. डोंगराकडच्या अंगाचं गवत मुळासकट खरवडणारे उत्साही लोक दर वर्षी भेटतात. ते गवतच ती माती धरून बसलेलं असतं.

कारवीचं झुडूप तोडावं लागलं तर जमिनीलगत आणि आडवं तोडा. वीतभर उंचीवर तिरका घाव घातलात तर मागे भाला उरतो, आणि घसरून पडणारा माणूस नेमका त्याच्यावर पडतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, हे ध्यानात ठेवून कोयता आखडता घ्या. रानमोडीबद्दल मात्र दया नको. बाहेरून आलेली ही झुडपं वाट गिळून टाकतात. माती ओली असताना ती हाताने मुळासकट निघतात. हिवाळ्यात फुलून बी धरायच्या आत उपटली तर पुढच्या वर्षीचं काम निम्मं होतं. तोडलेला पाला नेहमी उताराकडच्या बाजूला, वाटेपासून लांब आणि पाण्याच्या तोंडांपासून तर फारच लांब टाकायचा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाण्याला उतार काढून देणं

हे खरं काम. माती अजून ओलसर असते, ठोकली की बसते. डिसेंबरनंतर तीच माती वीट होते.

सुरुवात वाटेच्या बाहेरच्या कडेपासून करा. वर्षानुवर्षं पाय पडून वाट मधोमध खचते आणि दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा उभा राहतो. शेतात सरीमधून पाणी जातं तसं मग पाणी वाटेतूनच धावतं. तो वरंबा फावड्याने काढून टाका. माझ्या अंदाजाने बिघडलेल्या वाटांपैकी निम्म्या एवढ्यानेच सुधारतात, आणि हेच काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. वरंबा निघाला की वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित कल द्यायचा: मीटरभर रुंदीला चार-पाच सेंटिमीटर, जास्त नाही. पाणसळ नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली वाटेवर आडवी ठेवा, पाणी कुठे झुकतं ते दिसतं. जास्त कल दिलात तर पावसात माणूसच उतरेल.

लांब सरळ चढावर नुसत्या कलाने भागत नाही. तिथे बशीसारखा पसरट खळगा काढायचा. दोन मोठी पावलं लांब, सर्वांत खोल जागी वीतभर, आणि त्याचं तोंड दरीकडे मोकळं, निदान मीटरभर रुंद. निघालेली माती खळग्याच्या उताराकडच्या बाजूला टाकून, ठोकून, पसरट उंचवटा करायचा. चालणाऱ्याला कळूही नये इतका तो सौम्य हवा. पाण्याला मात्र कळतं. तोंड निमुळतं ठेवलंत तर पहिल्याच पावसात पाल्याने बंद होतं. आणि पाणी जिथे पडणार तिथे गवत किंवा कातळ आहे ना, हे बघा, नाहीतर एक घळ बुजवून दुसरी उघडल्यासारखं होईल.

चढ फारच उभा असेल आणि खळग्याला जागा नसेल तरच दगडी आडबांध, म्हणजे वाटेवर आडवी गाडलेली दगडांची ओळ. यात मी सपशेल आपटलो होतो. पहिल्या वर्षी आम्ही सात-आठ आडबांध घातले, सगळे वाटेला काटकोनात, रस्त्यावरच्या गतिरोधकासारखे. फोटो फार छान आले. जुलैत जाऊन पाहिलं तर प्रत्येकाच्या मागे गाळ भरून तो वाटेच्या पातळीत आला होता आणि पाणी कडेने नवी वाट खणत निघालं होतं. पाड्यावरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "पाण्याला अडवता कशाला, त्याला वाट दावा." तेव्हापासून बांध तिरका: वाटेच्या दिशेशी ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी वळताना गाळही सोबत घेऊन जातं. दगड मोठे निवडा आणि दोन-तृतीयांश जमिनीत गाडा. वर बोटभर ते चार-पाच बोटं दिसला की पुरे. कौलं एकमेकांवर चढवतात तसा वरच्या दगडाचा शेवट पुढच्यावर चढलेला हवा, फट राहिली तर पाणी तिथूनच घुसतं. आतल्या बाजूचा पहिला दगड डोंगराच्या अंगात रुतवायचा, बाहेरचा शेवटचा वाटेच्या कडेपलीकडे हातभर न्यायचा. दगडावर उभं राहून नाचा. हलला तर काढून पुन्हा बसवा.

किती अंतरावर? आमचा ठोकताळा असा: दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ असेल तर दर पंधरा-वीस पावलांवर पाण्याला एक उतार (खळगा किंवा आडबांध), चढ याहून उभा असेल तर दहा-बारा पावलांवर. मुरुमाची वाट थोडं जास्त सहन करते, मोकळी लाल माती अजिबात नाही. चढ मोजायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी उत्तम, आणि ती खिशात मावते.

एक जुना नियमही उपयोगी पडतो. वाटेचा चढ त्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त झाला की पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेनेच जाणं सोपं जातं. अशा तुकड्यावर दर वर्षी दगड रचत बसण्यात अर्थ नसतो. तिथे वन खात्याशी बोलून वाट आडवी फिरवणं हाच उपाय, आणि तो निर्णय त्यांचा.

वाटेत आधीच गुडघाभर घळ पडली असेल तर ती मातीने बुजवू नका, वाहून जाईल. घळीत टप्प्याटप्प्याने दगडांचे छोटे बांध घाला: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत. दोन-तीन पावसाळ्यांत पाणी स्वतःच गाळ आणून घळ भरतं. अर्थात वरून घळीत येणारं पाणी आधी वळवलेलं असेल तरच.

नोव्हेंबर ते जानेवारी : दगडकाम

कोकणातल्या बागेचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, ज्याने रचलाय त्याला हे शिकवायला नको. वाटेची बाहेरची कड ढासळली असेल तिथे सिमेंटशिवाय रचलेला गडगाच टिकतो, कारण पाणी त्याच्यातून झिरपून जातं. सिमेंटच्या भिंतीमागे ते साठतं आणि एक दिवस भिंत घेऊन जातं. सर्वांत मोठे दगड तळाला, तेही पक्की जमीन किंवा कातळ लागेपर्यंत खणून आणि बूड किंचित डोंगराकडे झुकवून. एका दगडावर दोन, दोनांवर एक, म्हणजे उभा सांधा सलग येत नाही. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या. दर्शनी बाजू रुंद दिसावी म्हणून दगड आडवा लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तीच भिंत आधी पोट काढते. भिंत वर जाताना डोंगराकडे कलत जावी. मीटरभर उंचीला वीतभर कल ठीक. मागची पोकळी मातीने नव्हे, खडीने भरायची.

पायऱ्या शेवटचा उपाय. आम्ही एकदा मोठ्या हौसेने सव्वा-सव्वा फुटाच्या बसवल्या. पाड्यावरची एक आजी मोळी घेऊन आली, पायरीकडे बघितलं आणि बाजूच्या गवतातून चढून गेली. परत येताना म्हणाली, "एवढा गुडघा तुमी उचला, मला नाय जमायचा." आठवड्याभरात पायऱ्यांच्या शेजारी नवी वाट मळली होती. आता आम्ही वीतभराच्या आतच पायरी करतो. खालून वर रचत जायचं, वरच्या पायरीची पुढची कड खालच्या दगडावर टेकलेली, आणि दोन्ही बाजूंना ओबडधोबड मोठे दगड, म्हणजे कोणाला कडेने जावंसं वाटत नाही.

दगड ओहळाच्या पात्रातून उचलू नका. त्याखाली खेकडे-बेडकांचं घर असतं आणि पात्रही उकरलं जातं. वनरक्षक दाखवतील तिथलेच आणा. दगड उलटताना नेहमी पलीकडची कड स्वतःकडे उचला, म्हणजे खाली फुरसं असेल तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. पहारीने दगड हलवताना उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, पाणी द्यायलासुद्धा नाही. याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. कूस अंगावर उडाली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचलून काढा. काम सुरू करण्याआधी वरच्या कड्यावर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का बघा. असेल तर त्या दिवशी दुसरीकडे. सर्पदंश झाला तर आवळपट्टी, चिरा, चोखणं काही नाही. माणसाला चालवू नका, अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. वन खात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. फोनला रेंज कुठे मिळते हे पावसातल्या फेरीतच वहीत लिहून ठेवा.

चोरवाटा बंद करणं हेही याच दिवसांत. वळणावर खालची वाट दिसली की माणूस सरळ खाली उतरतो, यात त्याचा फारसा दोष नाही. 'इथून जाऊ नये' अशी पाटी लावली तर तिथून जाता येतं हे त्याला कळतं. त्यापेक्षा चोरवाटेच्या दोन्ही तोंडांना पाच-सहा मीटर सुक्या काटेरी फांद्या आणि अर्धवट गाडलेले दगड टाका, नजरेलाच वाट दिसू नये. खडकांवर रंगाचे बाण काढू नका. एका टेकडीवर तीन गटांनी तीन रंगांचे बाण काढलेत आणि ते तिन्ही वेगवेगळ्या दिशांना जातात.

फेब्रुवारी ते मे

गवत वाळतं, वणव्याचे दिवस येतात. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढणं वन खात्याचं काम. बोलावलं तर मदतीला जा, स्वतःहून काडी लावू नका. विडी-सिगारेट ओढणारा माणूस या महिन्यांत सोबत नको, मग तो कितीही ताकदीचा असो. ऊन वाढलं की सकाळी सहा ते दहा एवढंच काम, माणशी तीन लिटर पाणी, आणि खोदकाम नाही.

मेच्या शेवटच्या दोन रविवारी वही काढायची. लाल-पिवळ्या चिंध्यांच्या सगळ्या जागा एकदा फिरून पाहायच्या, खळग्यांची तोंडं साफ करायची, सैल झालेले दगड पुन्हा ठोकायचे. गुरांच्या खुरांनी उंचवटे सपाट झालेले असतात, त्यांवर थोडी माती ओढायची. पाऊस पडेपर्यंत ती बसत नाही म्हणून पाणी शिंपडून पायाने दाबायची.

मग हत्यारं. कुदळ, फावडं, पहार धुऊन उन्हात वाळवा, कोयते-विळ्यांना धार लावा, पात्यांना तेलाचा हात फिरवा. लाकडी दांडे तपासा. चीर गेलेला दांडा आत्ताच बदला, ऑक्टोबरमध्ये तो नेमका जड दगडाखाली मोडतो. सगळं गोणीत भरून माळ्यावर टाका. छत्री बाहेर ठेवा.